हळदीच्या दिवसांतला हायड्रोजन

माघ संपत आला की आमच्याकडच्या रस्त्यांना वास येऊ लागतो. हिंगोलीकडचं गोरेगाव मागे पडलं की बसच्या खिडकीतून शिजत्या हळदीचा वास आत येतो. ओल्या मातीचा, जळत्या काड्यांचा आणि मध्येच दवाखान्यात आल्यासारखा. शेताशेतांत बॉयलर उभे असतात, त्यांच्या ड्रमांतून पांढरी वाफ निघत असते आणि त्या वाफेत माणसं अर्धी दिसतात, अर्धी नाही. बसमधले बाकीचे लोक नाकाला रुमाल लावत नाहीत की मान वळवून बघतही नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा हवेचाच वास असतो. मी मात्र खिडकी आणखी थोडी सरकवते.

मी हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. रविवारी गावी माहेरी जाते आणि सोमवारी सकाळच्या बसने थेट वर्गावर येते. परवाच्या सोमवारी अशीच अंगाला वाफेचा वास घेऊन वर्गात उभी होते. बारावीची परीक्षा तोंडावर, म्हणून उजळणी चालली होती. फळ्यावर हायड्रोजनच्या पाच श्रेणी लिहिल्या आणि पूजा नावाच्या मुलीला पाश्चन श्रेणीची सगळ्यात मोठी तरंगलांबी काढायला सांगितली. तिने खडू घेतला, सूत्र सुबक मांडलं आणि न डगमगता वरच्या पायरीच्या जागी अनंताचं चिन्ह टाकलं. मला हसू आलं. पोरगी बिचारी घाबरली.

"मॅडम, चुकलं का?"

"चुकलं. पण फार जुनी चूक आहे ती. आमच्या घरची आहे," मी म्हणाले. वर्गाला काही कळलं नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सोमवारी मॅडम जरा अशाच असतात, असं त्यांचं बहुधा आधीच ठरलेलं आहे.

ती चूक माझ्या वहिनीची. अर्चना तिचं नाव, माहेर कनेरगाव नाक्याजवळचं. माझ्या दादाशी लग्न होऊन ती घरात आली तेव्हा बारावीचे तिचे बाकी सगळे विषय निघालेले होते, एक फिजिक्स तेवढं राहिलं होतं. गंमत अशी की ज्या कॉलेजात ती नापास झाली, त्याच कॉलेजात माझं नाव होतं आणि त्या वर्षी मी बारावीला होते. म्हणजे एका घरातून नणंद-भावजय एकच पेपर द्यायला जाणार. गावातल्या बायकांना विहिरीवर पुरेल एवढा विषय मिळाला.

वहिनीला नर्स व्हायचं होतं. तसं पाहिलं तर तिला दुसरं काहीच नको होतं. साडी नको, सोनं नको, दादाने कुठे फिरायला न्यावं असंही तिचं म्हणणं नसे. नर्सिंगला बारावी पास लागते, आणि ती पास आणि तिच्यामध्ये हा एक विषय आडवा पडला होता. माय, म्हणजे माझी आई (वहिनी तिला आत्या म्हणे), तिने सुनेला सांगितलं होतं, "ह्या बारीला बस. निघालं तर निघालं. न्हाई निघालं तर पुस्तकं माळ्यावर. मग माह्या मागं लागायचं न्हाई." दादा बायकोच्या बाजूचा होता, पण मायपुढे त्याची बाजू फार वेळ टिकत नसे. बाबा गेल्यापासून शेत, घर आणि आम्ही सगळे मायनेच ओढले होते. तिचा शब्द मोडायची कुणाला सवयच उरली नव्हती.

अभ्यासाला वेळ कुठला मिळायचा, तर तो हळदीने दिला. आमच्याकडे त्या दिवसांत सावड चालते. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. बॉयलर एक असतो आणि तो पाळीपाळीने शेत बदलतो, आणि त्याच्या मागे आसपासच्या घरांतल्या बाया. हळकुंडं ड्रममध्ये भरेपर्यंत मरणाची घाई. एकदा झाकण लावून वाफ सोडली की मग शिजेपर्यंत हात मोकळे. बाकीच्या बाया त्या वेळात तंबाखू मळत, लेकरांच्या डोक्यातल्या उवा बघत, सुनांची उणीदुणी काढत. आम्ही दोघी जरा बाजूला, बांधावरच्या कडुलिंबाखाली बसत असू. हळद शिजली की नाही ते बघायला काडी टोचतात, तशी एक काडी वहिनीच्या हातात असे. त्याच काडीने ती मातीत पायऱ्या काढायची.

पायऱ्यांचं हे चित्र मी आजही वर्गात तसंच काढते. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन असतो. त्याला ऊर्जा देऊन वरच्या पायरीवर चढवलं तर तो तिथे रमत नाही, खाली उडी मारतो, आणि उडी मारताना जी ऊर्जा सुटते तिचा प्रकाश होतो. पहिल्या पायरीवर येऊन पडणाऱ्या सगळ्या उड्यांची लायमन श्रेणी. दुसऱ्या पायरीवरची बामर. मग पाश्चन, ब्रॅकेट, फुंड. प्रत्येक श्रेणीला दोन टोकं. एक टोक म्हणजे लगतच्या पायरीवरून मारलेली अगदी लहान उडी, आणि दुसरं टोक म्हणजे थेट अनंतावरून मारलेली उडी, जिच्यापेक्षा मोठी उडी त्या पायरीवर येऊच शकत नाही. ह्या दोन टोकांच्या तरंगलांब्या काढल्या की श्रेणीचा पल्ला मिळाला. बोर्डाचा लाडका प्रश्न आहे.

वहिनीला गुणाकार-भागाकाराचं काही वाटत नसे. लायमन श्रेणीचं आखूड टोक ९१२ अँगस्ट्रॉमवर येतं, एवढा एक आकडा ध्यानात ठेवला की बाकीचं ओळीने निघतं, हे तिनेच मला दाखवलं होतं. दुसऱ्या पायरीसाठी त्याला चाराने गुणा, तिसरीसाठी नवाने, चौथीसाठी सोळाने. ९१२ गुणिले नऊ, ८२०८, पाश्चनचं आखूड टोक. ती हे हळकुंडं निवडता निवडता तोंडी करायची. पण कुठलं टोक आखूड आणि कुठलं लांब, इथे तिचं दरवेळी उलटं व्हायचं. अनंतावरून आलेली उडी सगळ्यात मोठी, मग तिची लाटही सगळ्यात लांब असणार, हे तिच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की मी दहादा सांगूनही ते हलत नव्हतं. आदल्या वर्षीच्या पेपरातही तिने हेच केलं होतं, आणि काठावर राहिली होती.

"मोठी उडी म्हणजे जास्त ऊर्जा. जास्त ऊर्जा म्हणजे लाट आखूड," मी म्हणायचे.

"पन काहून? येवढ्या वरून पडला बिचारा, अन् लाट येवढुशी?"

ह्या 'काहून'ला माझ्याकडे सूत्राशिवाय उत्तर नव्हतं. ते शेवटी मायने दिलं, तिला कुणी न विचारता.

झालं असं की त्या दिवशी आमच्या म्हशीने दुसऱ्याच्या ताडपत्रीवर वाळत घातलेल्या हळदीत पाय दिला. माय तिला आवरायला धावली आणि वाटेने तिच्याशी बोलत राहिली. "आता तुला काय म्हनावं बाई, चारा टाकला, पानी पाजलं, सावलीला बांधलं, तरी तुहं ध्यान लोकाच्या हळदीतच, लोकं काय म्हनतील मला, का ह्या बाईला एक म्हैस सांभाळनं व्हईना..." असं बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढ्यात दादा आला आणि म्हणाला, ताडपत्री नीट टाकली असती तर हे झालंच नसतं. माय थांबली. तिने दादाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गप." झालं. दादा गप, आम्ही गप, म्हैसही गप.

वहिनीने हातातली काडी खाली टाकली आणि तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडते आहे. हसत होती. "सुने," ती मला म्हणाली (माझ्या नावाचं तिने एवढंच ठेवलं होतं), "कळलं मला. आत्यांचा राग बारका असला का बोलनं लांबच लांब. राग मोठा असला का येकच शब्द. मोठी उडी, आखूड लाट!"

त्या दिवसापासून तिचं एकदाही चुकलं नाही. लांब टोक काढायचं असेल तर ती पुटपुटायची, "म्हशीवरचा राग, लगतची पायरी." आखूड टोक असेल तर, "गप! अनंत." आम्ही भाकरी थापताना, हळद भरताना, मायच्या पाठीमागे तिच्या रागाची गणितं घालायचो. आज चहात साखर कमी पडली, त्याची बामर. काल दादा पिऊन आलेल्या मित्राला घरी घेऊन आला, त्याची लायमन. मायला एवढंच दिसायचं की पोरी सारख्या हसतायत. "काय खुदुखुदु करून राहिल्या गं? पेपरात हसायचे मार्क देतेत का?" ती विचारायची. हे लांब वाक्य असल्यामुळे आम्हाला अजूनच हसू यायचं.

एकदा वहिनीने विचारलं होतं, अनंतावर बसलेला इलेक्ट्रॉन कुणाचा असतो? मी सांगितलं, कुणाचाच नसतो, तो अणूच्या ताब्यातून सुटलेला असतो. ती म्हणाली, "मग तो खाली कशाला येतो?" शिकवायला लागल्यापासून मी मुलांना ओढीबद्दल पुष्कळ सांगते, धन आणि ऋण वगैरे. पण तिच्या विचारण्यात जे होतं त्याचं उत्तर त्यात येत नाही, हे मला ठाऊक आहे.

पाच श्रेणींतली माणसाच्या डोळ्याला दिसते ती एक बामर, आणि तिच्यातल्याही मोजक्या रेषा. एक लाल, एक निळसर हिरवी, मग जांभळ्याकडे जाणाऱ्या. लायमन डोळ्याच्या अलीकडे राहते आणि पाश्चन, ब्रॅकेट, फुंड पलीकडे, जिथे प्रकाश डोळ्याला न दिसता फक्त ऊब होऊन लागतो. मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, दिसतच नाही तर ते आहे हे कसं कळलं? मी त्यांना उपकरणांबद्दल सांगते. त्या सालात आम्हाला मायचा राग तेवढा दिसायचा. ती बाकी काय होती, हे बघायचं कुठलं उपकरण आम्हा दोघींकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याची गरजही वाटत नव्हती.

बॉयलरची भट्टी कुठल्याही शेतात पहिल्यांदा पेटते तेव्हा तिची पूजा होते. हळदकुंकू, नारळ, आणि मग घरच्या सवाष्णीने काडी लावायची. हळद सौभाग्याची, म्हणून हात सवाष्णीचा. घरात सवाष्ण असताना बाहेरच्या बाईला बोलवायचं नाही. बाबा होते तोवर आमच्या शेतातली भट्टी माय पेटवायची. त्यानंतर काही वर्षं चुलतीने पेटवली, आणि वहिनी घरात आल्यावर तो मान तिचा झाला. अशा वेळी माय बांधाजवळ, बाकीच्या बायांच्या मागे उभी राहायची. तिला कुणी मागे हो म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही. ती आपणच व्हायची.

आमची पाळी नेमकी फिजिक्सच्या पेपराच्या दिवशी आली. पाळी सोडता येत नाही. सोडली तर बॉयलर पुढच्या शेतात जातो आणि खोदून ठेवलेली हळद तशीच पडते. तरी हिशोब जमत होता. बॉयलर आदल्या संध्याकाळी येणार, पहाटे पूजा, मग आम्ही दोघी रस्त्यावर येऊन काळी-पिवळी पकडणार. शेत रस्त्याला लागूनच होतं आणि जीपवाला ओळखीचा होता. पण आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरचं टायर बसलं आणि बॉयलर आला तो दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. त्यात पाणी भरायचं होतं. पाणी भरल्याशिवाय भट्टीत काडी लावता येत नाही, रिकामं भांडं फुटतं. पाइपाची धार बारीक होती. दादा मजूर आणायला तांड्यावर गेलेला, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

वहिनी पूजेचं ताट हातात घेऊन उभी. अंगावर पेपराला जायची धुतलेली साडी. तिची पिशवी माझ्या खांद्यावर होती. शेतात एवढी माणसं, सगळी पाइपाच्या बारीक धारेकडे बघत होती.

जीप रस्त्यावर येऊन थांबली. हॉर्न वाजला.

"सुने, तू जा," वहिनी म्हणाली. "तुहा तरी पेपर व्हऊ दे." तिचा आवाज अगदी सरळ होता, त्याचीच मला भीती वाटली. मी गेले नाही. जावं असं मनात आलं, हेही खरं आहे, पण पाय उचलेना.

बॉयलरवाले मामू म्हणाले, "पानी अजून आधं बी न्हाई झालं भाभी. काय करायचं, बोला." ते मायला विचारत होते. बायांमधली एक म्हणाली, "काय करायचं म्हंजे? थांबंल सून. पेपर काय, पुढल्या साली बी येतो."

दुसरा हॉर्न झाला.

माय बांधावरून निघाली. बायांच्या मधून पुढे आली. भट्टीसमोर आली आणि वहिनीच्या हातातलं ताट तिने काढून घेतलं. वहिनीला काही उमगेना, तिने ताट दोन क्षण धरूनच ठेवलं होतं. मायने ते ओढून घेतलं म्हणायला हरकत नाही. मग ती भट्टीच्या तोंडाशी विटेवर बसली, ताट मांडीवर घेतलं, काडेपेटी मुठीत धरली आणि वर न बघता म्हणाली,

"जा."

आम्ही पळालो. चपला हातात घेऊन, ढेकळांतून, मागे न बघता. जीपमध्ये आम्हाला अर्धी-अर्धी जागा मिळाली. वळणावर मात्र दोघींनीही मान वळवली. आमच्या शेतावर अजून धूर नव्हता, नुसता बॉयलर आणि माणसांचे ठिपके. वाटेत सवाऱ्या घेत जीप अर्ध्या तासाने पुढच्या चढावर आली, गिअर बदलायला हळू झाली, तेव्हा लांबवर लिंबाच्या शेंड्यामागून धूर वर आला. सरळ, निळा. वहिनी माझा हात धरून बसली होती, तिने तो हिंगोली येईपर्यंत सोडला नाही. माझ्या मनगटावर तिच्या पिवळ्या बोटांचे ठसे उमटले, आणि तसल्याच हातांनी आम्ही पेपर लिहिले.

पाश्चन श्रेणीचा पल्ला आला होता. बाहेर पडल्यावर मी तिला विचारलंच नाही. तिने आपण होऊन सांगितलं, "८२०८ ते १८७६१. आखूड टोक आधी लिवलं." आणि मग परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी, सगळ्या पोरांदेखत, ती रडली.

गावात चार दिवस कुजबुज झाली. ह्या वर्षीची हळद काळी पडणार, असंही कुणीतरी म्हणून घेतलं. हळद नेहमीसारखी निघाली. वहिनीचं फिजिक्सही निघालं. पुढे नर्सिंग झालं आणि आता ती आरोग्य केंद्रात आहे. गावातल्या निम्म्या लेकरांना पहिली सुई तिने टोचलेली आहे आणि ती लेकरं तिला बघून अजूनही रस्ता बदलतात.

आमच्या शेतातली भट्टी त्या सालापासून मायच पेटवते. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. परवाच्या रविवारीही तिनेच पेटवली. गुडघे धरलेत, विटेवरून उठताना तिला आता हात द्यावा लागतो. वहिनीला ड्युटीवर जायचं होतं, तिने पांढऱ्या साडीवर धूर येऊ नये म्हणून पदर खोचून घेतला आणि मायला उठवलं. वाफ सुटली होती. हात मोकळे होते. आम्ही तिघी लिंबाखाली बसलो आणि कसं कोण जाणे, वहिनीने मायला तिच्या रागाचं ते गणित सांगून टाकलं. म्हशीची लांब लाट, 'गप'ची आखूड. इतक्या वर्षांनी.

माय हसली. "मला वाटलंच व्हतं, माह्यावरच कायतरी चाललंय म्हनून." मग काडीने मातीत उगाच टोचत राहिली.

"आत्या," वहिनी म्हणाली, "त्या दिवशी मला वाटलं, तुमी लई रागात हाव. येकच शब्द बोलल्या. जा."

मायने हातातली काडी बाजूला टाकली.

"राग कशाचा बाई," ती म्हणाली. "दुसरा शब्द बोलले असते तर रडू फुटलं असतं. अन् मग काडी कोन लावनार व्हतं?"